पास केलेला नग

२ ऑगस्ट

ही वही प्रेसमधली आहे. छपाईत वाया गेलेल्या कागदांची मीच बांधली. पानांच्या मागे कुठल्याशा खोकल्याच्या औषधाची अर्धी लेबलं आहेत. लिहायला कारण एवढंच की घरात काहीतरी शिजतंय आणि मला कोणी सांगत नाही. प्रेसमध्ये माझा नियम आहे: संशय आला की तारीख टाकून लिहून ठेवायचं. तोंडी संशय दुसऱ्या दिवशी शिळा होतो.

लेकीला प्रवेश मिळाला. इमारतींचे आराखडे काढायला शिकवतात ते कॉलेज, दुसऱ्या शहरात, राहायचं हॉस्टेलवर. दोन सप्टेंबरला सुरू. इथवर सगळं सरळ आहे. पण बातमी आली तेव्हा उडी मारायची सोडून ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय गं, चेहरा का असा?"

"काही नाही बाबा. तुमचा कप टेबलाच्या पार कडेला आहे."

हे उत्तर झालं का?

कॉलेजने कळवलंय, लॅपटॉप हवाच. मेहुणा लगेच म्हणाला, माझ्या ओळखीचं दुकान आहे. ओळखीचं दुकान म्हणजे काय ते मला समजतं. मी सांगितलं, लॅपटॉप मी पारखून घेणार. औषधांच्या लेबलांवरचं अक्षर न् अक्षर तपासण्यात माझं आयुष्य गेलं. प्रेसमध्ये मला नावाने कोणी हाक मारत नाही, भिंग म्हणतात. मी पास म्हटल्याशिवाय गठ्ठा बाहेर जात नाही. लॅपटॉप काय मोठा लागून गेला?

"भावोजी, लॅपटॉप आहे तो, लेबल नाही," मेहुणा म्हणाला आणि हसला. बायकोने त्याला चहा दिला. माझ्या आधी.

५ ऑगस्ट

पॅसेजमधलं स्टूल कोणीतरी हलवतं. आज पुन्हा नडगीला लागलं. बायकोला विचारलं.

"या घरात आलो तेव्हापासून ते तिथेच आहे," ती म्हणाली.

"मग काय मी हललो?"

"तुम्ही कुठले हलताय."

आणखी एक. बायको हल्ली चाहूल न देता येते. मी पेपर वाचत असतो आणि एकदम ती डाव्या हाताला उभी असते. दचकायला होतं. आज म्हटलं, "चोरासारखी काय येतेस?"

"चोरासारखी? अहो, भांड्यांचा ढीग आहे माझ्या हातात. शेजारणीने ऐकला."

भांडी वाजत होती हे खरं. पण वाजणारी भांडी आणि येणारा माणूस यांत फरक आहे. भांडी ऐकू आली. ती दिसली नाही.

८ ऑगस्ट

मेहुण्याच्या ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदार उंच, बारीक, आणि सतत बाजूला उभा राहणारा. बोलणं कानाशी, माणूस गायब. शेवटी मी सांगितलं, "हे बघा, बोलायचं तर समोर येऊन बोला." तो समोर आला तेव्हा लेक जमिनीकडे बघत होती.

तिला काय हवं ते ती नीट सांगत होती. आराखड्यांच्या कामाला ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे, रॅम भरपूर पाहिजे, स्क्रीन चकाकणारी नको, वजन खांद्याला पेलेल एवढंच. मला अभिमान वाटला. मग दुकानदाराने डाव ओळखता येऊ नये अशा रीतीने चहाचा कप माझ्या कोपराशी आणून ठेवला. मी हात हलवला, कप आडवा. चहा शेजारच्या मशीनच्या कीबोर्डवर.

"राहू द्या काका, होतं असं," तो म्हणाला.

होतं नाही, करतात. नुकसान करून बसलेलं गिऱ्हाईक ओशाळतं आणि मुकाट्याने घेतं. मी ओशाळलो नाही. बाहेर पडताना काचेचं दार अर्धं उघडं ठेवलेलं होतं, त्यावर खांदा आपटला. तेही त्यांचंच.

वाटेत लेकीने माझा दंड धरला होता. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचा धरायचो तसा. मी सोडवून घेतला.

११ ऑगस्ट

प्रेसमध्ये एक गठ्ठा परत आला. थेंबांच्या बाटलीचं लेबल. मजकुरात चूक नाही, ती माझ्याकडून होणारच नाही. पण उजव्या कडेची लाल पट्टी कापताना अर्धी गेलेली. त्या पट्टीवरून दुकानदार ओळखतो की औषध पोटात घ्यायचं नाही, डोळ्यात घालायचं आहे. गठ्ठ्यावर सही माझी.

मी तो गठ्ठा तपासला तेव्हा पट्टी पूर्ण होती. असलीच पाहिजे. नाहीतर मला दिसली असती.

माझ्या उजव्या हाताला नवा तपासनीस बसतो. त्याला सगळे नवाच म्हणतात. गुळमुळीत पोरगा, फार नम्र. एवढी नम्रता कोणी फुकट करत नाही. माझ्या सहीनंतर गठ्ठ्याला हात लागला असेल तर त्याचाच.

मालकांनी आत बोलावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. म्हणाले, "भिंग, मुलगी शिकायला चाललीय. दोन-चार आठवडे सुट्टी घे. तयारी कर तिची."

"मी सुट्टी मागितली नाही."

"म्हणूनच देतोय."

पाणी कुठेतरी मुरतंय.

१४ ऑगस्ट

लॅपटॉप घेतला. घेतला म्हणायचं. काय घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

दुकान दुसरं, मेहुणा बरोबर. दुकानदार जाडसर, कमी बोलणारा. लेकीला मॉडेल आवडलं. टेबलावर मांडलेला एकच नग शिल्लक, असं तो आधी म्हणाला. मी म्हटलं, मग मला तपासू द्या. खिशातून भिंग काढलं. स्क्रीन सगळी पांढरी करायला लावली, मग काळी, मग लाल, हिरवी, निळी. मेलेला ठिपका कुठल्या ना कुठल्या रंगावर सापडतोच. बोटभर बोटभर सरकत सगळी स्क्रीन पाहिली. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं बघायला जमली.

"कारखान्यातसुद्धा असं बघत नाहीत," दुकानदार म्हणाला.

मी भिंग खिशात घातलं. "पास."

मग लेक म्हणाली, "बाबा, सगळं बघितलंत?"

"बघितलं."

"या टोकापासून त्या टोकापर्यंत?"

"अगं, कितीदा विचारशील?"

मेहुणा म्हणाला, "भावोजी, पण तो कोपरा—" आणि मध्येच थांबला. वाक्य आपोआप थांबत नाही. कोणीतरी थांबवलं.

दुकानदार खाकरला. "काका, मागे गोदामात एक सीलबंद नग आहे वाटतं. तोच देतो."

"मघाशी तर नव्हता."

"मघाशी आठवला नाही."

मी म्हटलं, मला हाच हवा, मी पास केलेला. त्यावर लेक म्हणाली, "बाबा, प्लीज. दुसरा घेऊ." तिचा आवाज बारीक झाला होता. मी गप्प बसलो. आला तो दुसरा नग तपासायचं राहूनच गेलं.

मी पास केलेला माल आजवर कोणी बदलला नव्हता. आज माझ्या डोळ्यांदेखत बदलला. मेहुणा, दुकानदार आणि माझी लेक. तिघांना ठाऊक आहे, मला नाही.

१६ ऑगस्ट

लेक लॅपटॉप सजवतेय. पाठीवरची सॅक आली, माउस आला, खाली ठेवायचा स्टँड आला, काम साठवायला वेगळी हार्ड डिस्क आली. मेहुणा येऊन आराखड्यांचं सॉफ्टवेअर घालून गेला. जाताना त्याचा जुना लॅपटॉप इथेच ठेवून गेला, म्हणजे ती गेल्यावर आम्हाला तिच्याशी समोरासमोर बोलता येईल. मी तेवढ्यापुरते आभार मानले.

मला शिकवायचं म्हणून तिने माझ्यासमोर नवा उघडला. स्क्रीनवरचा बाण अंगठ्याएवढा आणि पिवळाधमक. सगळी चित्रं कडेवरून उचलून मध्ये आणलेली, घोळक्यात.

"तुझ्या वयाच्या पोरीला एवढा बाण कशाला?"

"असंच. हरवत नाही."

"कोणाचा हरवतो?"

ती म्हणाली, "बाबा, इथे दाबा."

हे तिच्यासाठी केलेलं नाही. दुकानदाराने आत काही बसवलं असणार आणि ते झाकायला हा पिवळा देखावा. तरी एक कबूल करतो. बाण सापडायला सोपा गेला.

१८ ऑगस्ट

आज तिने मला एक खेळ खेळायला लावला. एका डोळ्यावर हात ठेवायचा. दुसऱ्याने स्क्रीनच्या मधल्या फुलीकडे बघत राहायचं, नजर हलवायची नाही. आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं.

"हे कशासाठी?"

"खेळ आहे."

"अठरा वर्षांची घोडी झालीस, खेळ कसले?"

"एकदाच. माझ्यासाठी."

खेळलो. अगदी बाळबोध. फुलीजवळ ठिपका आला की मी दाबला, एकही सोडला नाही. पण खेळ रटाळ. मधे मधे बराच वेळ काहीच येत नाही, नुसतं फुलीकडे बघत बसायचं. मी म्हटलं, "बंद पडला की काय?"

"नाही. चालू आहे."

"मग ठिपके कुठायत?"

बायको मागे उभी असावी, कारण स्वयंपाकघराचं दार लागलं आणि नळ सुटला, आणि बराच वेळ सुटलेलाच राहिला. ही एरवी थेंबासाठी माझ्याशी भांडते.

दुसऱ्या डोळ्यानेही खेळलो. मग लेकीने झाकण लावलं.

"किती झाले?"

"छान खेळलात बाबा."

काचेचा ग्लास फुटला की लहानपणी ती याच आवाजात सांगायची, मी नाही फोडला.

२० ऑगस्ट

आता नक्की कळलं. लेक गॅलरीत फोनवर बोलत होती. मी दाराआड उभा राहिलो. उभं राहण्यात काही गैर नाही, घर माझं आहे.

"एक वर्ष थांबता येईल का, एवढंच विचारायचंय. हो, घरचं कारण. नाही, जागा दुसऱ्या कोणाला दिलीत तरी चालेल. पुढच्या वर्षी मी येईनच."

जागा दुसऱ्याला. जी जागा मिळावी म्हणून दोन वर्षं मान वर केली नाही तिने.

जेवताना सरळ विचारलं. "कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी कॉलेज सोडतेयस."

तिने ताटाकडे बघितलं. मग हसू आवरेना तिला. म्हणाली, "आहे एक. वयाने बराच मोठा आहे."

"लग्न झालंय?"

"झालंय. बायको चांगली आहे त्याची. स्वभाव संशयी आहे थोडा, पण मला आवडतो."

"ऐकतेयस ना काय बोलतेय ती?" मी बायकोला म्हटलं. पण ती उठून गेली होती. आणि लेक हसता हसता रडायला लागली.

लग्न झालेला. वयाने मोठा. माझं डोकं चालेना. आणि बायकोला हे आधीपासून माहीत आहे, एवढं दिसलंच.

२२ ऑगस्ट

दोघी बाजारात गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. चोरी नाही, तिने पासवर्ड माझ्यादेखत टाकला होता, बघू नका म्हणाली नव्हती. त्या माणसाचा काहीतरी माग लागेल असं वाटलं. फोटो, नाव, काहीही.

तसलं काही सापडलं नाही. पण दुसरंच सापडलं. मधल्या घोळक्यात एक चित्र होतं, त्यावर दाबलं तर स्क्रीनवर गोल उमटले. कडेने काळे-करडे, आत तेवढा छोटासा पांढरा भाग. डावीकडे तसंच, उजवीकडे तसंच. मी भिंग लावून पाहिलं. काळं म्हणजे खरंच काळं.

स्क्रीन कडेने मरत चाललीय.

आता सगळं जुळलं. सीलबंद म्हणून त्या दुकानदाराने खराब नग गळ्यात मारला. पोरीला कळलं, पण माझ्या शब्दाविरुद्ध तो तिनेच घेतला होता, मग सांगणार कशी? म्हणून हे वर्षभर थांबणं, म्हणून तो लग्न झालेला माणूस. काहीतरी ठोकून दिलं. वेडी पोर. मला इतकं हलकं वाटलं की मी पॅसेजमधून बाहेर आलो आणि स्टुलावर आपटलो तरी चिडलो नाही.

उद्या दुकानात.

२३ ऑगस्ट

दुकानदाराने लॅपटॉप उघडून पाहिला. मी म्हटलं, "बघा, कडेने काळी पडलीय."

तो म्हणाला, "काका, स्क्रीन चांगली आहे. हे चित्र आहे." त्याने ते बंद केलं. स्क्रीन स्वच्छ. पुन्हा उघडलं. काळं. "वरती लिहिलंय बघा. कोपऱ्यात."

मी कोपरा शोधला. मान वळवावी लागली. एका टोकाला 'डावा डोळा', दुसऱ्या टोकाला 'उजवा डोळा'. अक्षरं चांगली ठसठशीत होती.

"कोणाचा?" मी विचारलं.

तो काउंटरवरून फडकं फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही जो नग पास केलात, तो अजून आहे माझ्याकडे. दाखवू?"

आणला. उजव्या वरच्या कोपऱ्यातून खाली आलेली भेग होती. हाताच्या पंजाएवढी. तिच्या कडेने हिरवट पाणी पसरल्यासारखं. भिंग लागत नव्हतं. आंधळ्यालाही—

तो शब्द लिहिला आहे तर राहू देतो.

"नमुन्याचा नग होता. कोणी घेणार नाही म्हणून ठेवला होता," तो म्हणाला. "तुम्ही इतकं मन लावून बघत होतात की मला आधी वाटलं, थट्टा करताय. मग तुमच्या मुलीने तुमच्या पाठीमागून मला हात जोडले."

मी विचारलं, "ही भेग नंतर पडली नाही कशावरून?"

त्याने मला बसायला खुर्ची दिली, आणि ती कुठे आहे ते माझा हात धरून दाखवलं.

२४ ऑगस्ट

दुकानदाराच्या सांगण्यावर मी का विश्वास ठेवावा? ज्याचा माल त्याचीच साक्ष. प्रेसमध्ये असं चालत नाही. तिथे दोघं बसतात. एक मोठ्याने वाचतो, दुसरा आपल्या प्रतीवर बोट ठेवून 'आहे' म्हणतो. जिथे एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, तिथे चूक.

सकाळी लेकीला म्हटलं, "तो खेळ काढ. पण आज जोडीने."

"बाबा—"

"ठिपका आला की तू 'आहे' म्हण. मला दिसला तर मीही म्हणेन."

ती माझ्या शेजारी बसली. मी डोळ्यावर हात ठेवला, फुलीकडे बघितलं.

"आहे," ती म्हणाली.

"आहे."

"आहे."

मी थांबलो.

"आहे," ती म्हणाली. "आहे." आणि जरा वेळाने, "आहे." रिकाम्या स्क्रीनला ती आहे म्हणत होती. मला वाटलं, खोटं बोलतेय. एका ठिकाणी मी नियम मोडून नजर फिरवली. ठिपका होता. विझतानाचा मी पकडला.

त्यानंतर मी फसवलं नाही. शेवटपर्यंत फुलीकडे बघत बसलो आणि तिचं एकटीचं 'आहे' ऐकत राहिलो.

संपल्यावर विचारलं, "कधीपासून?"

"आम्हाला गेल्या वर्षापासून वाटत होतं. आई म्हणाली, विषय काढला की अंगावर येतात. दुकानात खात्री झाली."

"आणि तो लग्न झालेला माणूस?"

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. मला समजायला फार वेळ लागला, हे इथे लिहून ठेवतो.

२६ ऑगस्ट

डोळ्यांचं हॉस्पिटल. तिथेही तोच खेळ, फक्त डबा मोठा. मी तिथल्या बाईंना सांगितलं, माझी मुलगी हे घरी करते.

काचबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टर तरुण आहे, भराभर बोलतो. गेलं ते परत येणार नाही. थेंब नियमित घातले तर उरलेलं टिकू शकतं.

मी म्हटलं, "मला कडेला काळं दिसत नाही. काळं दिसलं असतं तर मी पकडलं असतं."

"काळं दिसतच नाही त्यात. मेंदू भरून काढतो. भिंत असेल तर भिंत पुढे चालू ठेवतो. दार आहे हे कळतच नाही."

म्हणजे इतके दिवस माझंच डोकं खोटी कड छापून माझ्या हातात देत होतं आणि मी सही करत होतो. या एकावर मात्र माझा कधी संशय गेला नव्हता.

थेंबांची बाटली बाहेरच्या दुकानातून घ्या म्हणाले. तेच दुकान का, असं मी विचारलं. बायको म्हणाली, "अहो, चला आता." लाल पट्टी तपासून घेतली. पूर्ण होती.

डॉक्टरने आणखी एक सांगितलं: हे घराण्यात उतरू शकतं. मी लेकीला तिथल्या तिथे खुर्चीत बसवलं. ती नको नको म्हणत होती. तिचे डोळे तपासून होईपर्यंत मी दारातून हललो नाही. स्वच्छ आहेत. दर वर्षी दाखवायचे. हे मी डॉक्टरकडून दोनदा वदवून घेतलं.

२८ ऑगस्ट

घरात रण पेटलं. लेक म्हणते जाणार नाही. मी म्हणतो जाशील.

"रस्ता कोण ओलांडून देणार तुम्हाला?"

"मान फिरवीन."

"थेंब विसराल."

"आजवर एक कामाचा दिवस विसरलोय का?"

"ते काम होतं. हे तुम्ही स्वतःसाठी करायचंय. तिथेच मला तुमचा भरवसा नाही."

मी म्हटलं, "तू संशयी आहेस."

"कोणावर गेलेय?"

बायको हसली. किती दिवसांनी.

शेवटी तिने अट घातली. थेंब रोज कॅमेऱ्यासमोर घालायचे, तिच्या डोळ्यांदेखत. ती बघणार आणि पास म्हणणार, तेव्हा पास. एक दिवस चुकला तर ती पहिल्या गाडीने परत. तिने कॉलेजला फोन करून सांगितलं, येतेय. जागा अजून कोणाला दिलेली नव्हती.

बायको पॅसेजमधलं स्टूल उचलायला लागली. मी म्हटलं, राहू दे. आता ते कुठे आहे ते मला माहीत झालंय.

३० ऑगस्ट

प्रेसमध्ये जाऊन मालकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली; त्यांचा अंदाज होताच. सगळ्यांचाच होता. नव्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, आपण जोडीने बसू. मी कडा बघतो, तुम्ही मजकूर. बारीक अक्षर तुमच्याइतकं मला नाही जमत." आणि मला एक पद्धत दाखवली. आधी चारही कोपरे बोटाने गाठायचे, मग मध्ये यायचं. मी आजवर उलटं करत आलो.

परत आलेल्या गठ्ठ्याबद्दल मी त्याच्याविषयी काय काय धरून चाललो होतो ते त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. अजूनही तो फार नम्र आहे. बघू.

१ सप्टेंबर

गेली. मेहुणा सोडायला गेलाय. सॅकेत लॅपटॉप, चार्जर, हार्ड डिस्क, माउस, सगळं मी एकेक हातात घेऊन पाहिलं. पिवळा बाण तिने काढून साधा केला. जुन्या लॅपटॉपवर मात्र तो आहे.

निघताना ती माझ्या बरोबर समोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, जरा बाजूला हो. ती झाली. मी मान फिरवून तिला शोधलं. "सापडलीस," म्हटलं.

३ सप्टेंबर

संध्याकाळी तिचा फोन आला, स्क्रीनवर ती. मी मान मागे टाकून थेंब घातला.

"नापास. गालावर पडला. पुन्हा."

पुन्हा घातला.

"दुसरा डोळा. हं. पास."

मग इकडचं तिकडचं. जेवण बरं आहे, खोलीत सोबतीण चांगली आहे, लॅपटॉप वर्गात सगळ्यांपेक्षा जलद चालतो. सगळं ठीक. फारच ठीक. ती स्क्रीनच्या अगदी मध्ये बसली होती आणि जराही हलत नव्हती. चौकटीत बसवल्यासारखी.

मी कोपऱ्यांपासून सुरुवात केली. वर डावीकडे, खिडकी. वर उजवीकडे, कपाट, दार उघडं, आतले कप्पे रिकामे. खाली डावीकडे, तिचं कोपर. खाली उजवीकडे, बॅग. चेन लावलेली. वर बुटांची पिशवी ठेवलेली, जशी इथून निघाली तशीच.

"ती बॅग उघडली नाहीस?"

तिने वळून बॅगेकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्हाला दिसली?"

"उघड."

"बाबा, उद्या करते. कोणास ठाऊक, कधी परत यावं—"

"आत्ता. मी बसलोय."

तिने लॅपटॉप जरा वळवला. बॅग पलंगावर घेतली. चेन ओढल्याचा आवाज आला. एकेक कपडा कपाटात जाऊ लागला. बायको माझ्या डाव्या हाताला येऊन बसली. भांडी नव्हती तरी या वेळी मला कळलं. आम्ही दोघं बघत राहिलो. लेक मधे मधे चौकटीबाहेर जायची, मी मान वळवायचो, मग आठवायचं की ही तर स्क्रीन आहे, आणि ती परत यायची. शेवटी तिने रिकामी बॅग उलटी करून दाखवली, झटकली, आणि पलंगाखाली सरकवली.

"झालं?" तिने विचारलं.

मी चारही कोपरे पुन्हा एकदा पाहिले.

"पास," म्हटलं.